टोपी हजर होती

आमच्या कचेरीतले बडे बाबू, म्हणजे आमचे मुख्य कारकून, सकाळी कोणाला नमस्कार करत नसत. तुम्ही दारातून आत आलात की ते चष्म्याच्या वरून पाहायचे आणि विचारायचे, "येताना काय पाहिलं?"

आता याचं काय उत्तर द्यायचं? घरून निघालो, कचेरीत पोचलो, झालं. त्यात पाहायचं काय असतं? पण उत्तर दिल्याशिवाय सुटका नव्हती. "काही नाही" म्हटलं तर ते रागवत नसत, नुसतं "अच्छा" म्हणत. त्या अच्छानं दिवसभर असं वाटत राहायचं, की देवानं आपल्याला डोळे दिले ते उगाचच. माझ्या शेजारच्या टेबलावर दुबेजी बसत. त्यांनी सोपी युक्ती काढली. रोज सांगायचं, "भैंस देखी." तीन दिवस म्हैस चालली. चौथ्या दिवशी बडे बाबू म्हणाले, "सींग कैसे थे?" दुबेजींना काही सांगता येईना. त्यानंतर मी त्यांना भर रस्त्यात सायकल थांबवून म्हशीच्या तोंडाकडं टक लावून पाहताना पाहिलंय. चांगले पन्नाशीचे, नातवंडं असलेले गृहस्थ.

असा हा माणूस. मी आज त्यांच्या तेव्हाच्या वयाच्या पुढं गेलोय, तरी मला ते पुरते समजले आहेत असं म्हणवत नाही. आणि खरं सांगू का, समजले असते तर मी त्यांच्यावर लिहायला बसलोही नसतो.

मध्यप्रांताचे दिवस होते, लढाई चालू होती, आणि जबलपुरात फौजेचे ट्रक सारखे धूळ उडवत फिरत. आमची कचेरी जमिनीच्या नकाशांची. प्रत्येक गावाचा एक नकाशा कापडावर चिकटवलेला असायचा, त्याला लठ्ठा म्हणत. दोन गावांमध्ये शिवेवरून भांडण लागलं की आमच्यापैकी कोणीतरी लठ्ठा घेऊन जायचं आणि दगड कुठं होता ते दाखवायचं. या लठ्ठ्यांच्या कपाटांची किल्ली माझ्याकडं होती. किल्ली होती म्हणून मी मोठा होतो असं समजू नका. मी सहा महिन्यांच्या बोलीवर लागलेला कच्चा बाबू होतो. सहा महिने संपले की बडे बाबू माझ्या कागदावर एक ओळ लिहिणार, आणि त्या ओळीवर मी पक्का होणार किंवा पाटणला परत जाणार.

पाटण म्हणजे जबलपूरजवळचं आमचं गाव, आणि परत म्हणजे काकांच्या घरी. माझे वडील पाटणच्या शाळेत मास्तर होते. ते गेल्यावर आई आणि मी काकांकडं राहिलो. काका वाईट नव्हते, पण ते घर त्यांचं होतं. दहा वर्षं माझी आई त्या घरात सगळ्यांचं झाल्यावर जेवली. मला नोकरी लागली तेव्हा लार्डगंजात आम्ही एक खोली घेतली. पहिल्या दिवशी आईनं चूल पेटवली आणि स्वयंपाक न करता नुसती तिच्यासमोर बसून राहिली. मी म्हटलं, "काय झालं?" तर म्हणे, "काही नाही रे, पाहून राहिले." मला पक्कं काहून व्हायचं होतं ते यात आलं.

बडे बाबू आमच्यात आले तेव्हा माझे पाच महिने झाले होते. त्यांचं घराणं भोसल्यांच्या वेळेपासून या मुलखात होतं, त्यामुळं मराठी बोलता बोलता ते मध्येच हिंदीत जायचे आणि परत यायचे, आणि त्यांना त्याचा पत्ता नसायचा. उंच, वाळके, मे महिन्यातसुद्धा गळ्यापर्यंत बटणं लावलेला काळा कोट. सदर बाजारात कुठंतरी राहायचे आणि तिथून पायी यायचे. पावलं मोजत यायचे. कचेरीपासून टपालपेटी किती पावलं, विहीर किती, हे त्यांना विचारावं. एकदा रामदीन चपराशानं विहिरीपाशी पोचायला फार वेळ लावला तर त्याला म्हणाले, "रामदीन, विहीर सरकली का रे?"

नकाशाच्या बाबतीत तर त्यांच्यापुढं बोलायची सोय नव्हती. लठ्ठा जुन्या घड्यांवरच मिटायचा. कोणी नवी घडी पाडली की त्यांचा चेहरा असा व्हायचा, जसा कोणी त्यांचा हात उलटा पिरगाळला. "तो शंभर वर्षं असा झोपून राहिलाय," म्हणायचे, "त्याला कूस बदलायला काहून लावून राहिले?" स्वतःची पेन्सिल कोणाला द्यायचे नाहीत. कागदाला अंगठ्याचा डाग दिसला तर तो परत पाठवायचे आणि वर विचारायचे, डाव्या हाताचा की उजव्या. वैताग होता सगळा. मी त्यांना मनातल्या मनात काय काय म्हणत असे ते इथं लिहिण्यासारखं नाही.

आणि त्यांच्या चिठ्ठ्या. बडे बाबू तोंडी हुकूम देत नसत. फाडलेल्या लिफाफ्याच्या कोऱ्या बाजूवर बारीक अक्षरात चार शब्द लिहायचे आणि ती चिठ्ठी तुमच्या टोपीत ठेवायचे. होय, टोपीत. दाराजवळच्या भिंतीला खुंट्या होत्या आणि आम्ही सगळे आल्यावर टोप्या तिथं अडकवायचो. बडे बाबू उठायचे, ज्याच्याशी काम त्याची टोपी उतरवायचे, आतल्या पट्टीला बाभळीच्या काट्यानं चिठ्ठी टोचायचे आणि टोपी पुन्हा अडकवायचे. टाचण्या कचेरीत होत्या, पण त्यांना काटेच लागत. रविवारी रांझीच्या बाजूला माळावर जाऊन स्वतः तोडून आणायचे. कोटाच्या खिशात पत्र्याची डबी असायची, तिच्यात काटे लहान-मोठे लावून ठेवलेले. साध्या कामाला लहान काटा, निकडीच्या कामाला लांब. लांब काटा असलेली टोपी तुम्ही डोक्यावर ठेवली की तो कपाळाला टोचायचाच.

मी एकदा, पुष्कळ पुढं, धीर करून विचारलं होतं, "बडे बाबू, टेबलावर काहून नाही ठेवत चिठ्ठी?" ते म्हणाले, "टेबल कचेरीत राहतं. टोपी माणूस घरी नेतो." बस. याच्यापुढं एक शब्द नाही.

पण ज्या प्रकरणापायी मला हा माणूस कळायला लागला ते सांगतो. त्यात माझी लाज आहे, पण आता लाजून काय करू.

आधीचे बडे बाबू हजेरी घ्यायला आळशी होते. ते दारात उभे राहून खुंट्यांवरच्या टोप्या पाहायचे. टोपी आहे म्हणजे बाबू आहे. मग काय, सगळ्यांनी दोन टोप्या केल्या. एक खुंटीवर कायम राहायची, एक येण्याजाण्याची. मला ही विद्या दुबेजींनी शिकवली. खुंटीवर ठेवायला माझ्याजवळ दुसरी टोपी कुठली? आईनं ट्रंकेत वडिलांची काळी टोपी जपून ठेवली होती. कचेरीत मोठ्यांसमोर जायचं असेल तेव्हा घाल, म्हणून तिनं ती मला दिली होती. ती मला मोठी व्हायची, कानांवर यायची. मी ती खुंटीवर अडकवली. वडिलांची टोपी दिवसभर कचेरीत बसायची, माझी टोपी टेबलाच्या खणात असायची, आणि मी साडेतीनला ती घालून लढाईच्या बातम्या वाचायला वाचनालयात जायचो.

बडे बाबू सोमवारी हजर झाले. त्याच दिवशी चार वाजता ते सगळ्या टेबलांपाशी गेले आणि आपली टोपीतल्या चिठ्ठीची रीत सांगितली. मी वाचनालयात होतो. मंगळवारी सगळ्यांनी खुंटीवरच्या ठेवणीतल्या टोप्या गुपचूप घरी नेल्या. माझी तिथंच राहिली. दुबेजींनी मला सांगायला हवं होतं, तर ते नंतर मला म्हणतात, "मला वाटलं तुम्ही ऐकलं. टोपी तर होती न तुमची." म्हणजे ज्यानं ही विद्या शिकवली तोही फसला.

बुधवारी मी साडेदहाला कचेरीत आलो तर बडे बाबूंची खुर्ची रिकामी. काय पाहिलं ते विचारायला कोणी नाही, म्हणून आम्ही खूश. तीनच्या सुमारास ते आले. गुडघ्यापर्यंत धूळ, चेहरा उन्हानं काळा पडलेला. ते कोणाशी बोलले नाहीत. खुंट्यांपाशी गेले, माझ्या वडिलांची टोपी दोन बोटांनी वर केली, आत पाहिलं, पुन्हा खाली सोडली आणि आपल्या जागेवर बसून पेन्सिलीला टोक करायला लागले.

दुबेजी माझ्याकडं वाकले. "भैया, टोपी में देखा था?"

"टोपीत काय पाहायचं?"

दुबेजींनी कपाळाला हात लावला आणि कुजबुजत सगळी रीत सांगितली. मी उठलो, टोपीत हात घातला. लांब काटा होता. चिठ्ठीत लिहिलं होतं: "उद्या सकाळी सात. पाटण रस्त्याचा नाका. शिवेच्या दगडाचं काम. लठ्ठा घेऊन यावं. वाट पाहतो." खाली गावाचं नाव.

 कपाटाची किल्ली माझ्याजवळ, त्यामुळं त्यांना लठ्ठा स्वतः नेता आला नव्हता. मी येईन म्हणून ते नाक्यावर थांबले असणार आणि मग लठ्ठ्याशिवायच गावाला गेले असणार. आणि महिनाअखेरीस माझा कागद याच माणसाच्या टेबलावर येणार होता. मला आईची चूल दिसायला लागली.

"घबराओ मत," दुबेजी म्हणाले. "म्हणा, रामदीननं काल झाडताना टोप्या झटकल्या. चिठ्ठी पडली. आज सापडली. एवढं पुरे."

सोपं होतं. खरं वाटण्यासारखंही होतं, कारण रामदीन खरोखर टोप्या झटकायचा. मी ते वाक्य मनात दोनदा म्हटलं आणि चिठ्ठी हातात घेऊन बडे बाबूंच्या टेबलासमोर उभा राहिलो. त्यांनी वर पाहिलं. मी तोंड उघडलं आणि तेवढ्यात रामदीन मातीच्या सुरईतलं पाणी घेऊन आला, त्यांच्यासमोर पेला ठेवला, आणि माझा चेहरा पाहून म्हणाला, "बाबूजी, आपको भी लाऊँ?"

माझ्या घशातलं वाक्य तिथंच राहिलं. मी काही फार सरळ माणूस नव्हतो, हे वर आलंच आहे. पण जो मला पाणी विचारून राहिला त्याच्या समोर त्याचंच नाव घ्यायचं, हे काही जमेना.

मी म्हटलं, "बडे बाबू, ही टोपी माझी आहे पण मी घालत नाही. ती खुंटीवर असते म्हणजे मी आहे असं वाटतं. सोमवारी तुम्ही सांगितलं तेव्हा मी नव्हतो."

कचेरीत सगळ्यांच्या लेखण्या थांबल्या. बाकीच्यांच्याही टोप्या त्यात आल्याच की.

बडे बाबूंनी पेन्सिल खाली ठेवली. मला वाटलं आता गेली नोकरी. पण त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, कुतूहल होतं. सांगून खरं वाटणार नाही, पण त्यांना ती गोष्ट आवडली होती. "अच्छा," ते म्हणाले. "म्हणजे मी सांगितलं तेव्हा तुमची टोपी हजर होती."

"हो."

"किती दिवसांपासून?"

"चार महिने झाले असतील."

"आणि तुम्ही कुठं राहता तेव्हा?"

"वाचनालयात."

"टोपी तर तुमच्या मापाची नाही. कोणाची?"

"वडिलांची."

"ते काय करतात?"

"मास्तर होते. आता नाहीत."

त्यांनी समोरच्या स्टुलाकडं बोट दाखवलं. मग म्हणाले, "पाटणवाले, बसा." ते मला नावानं कधी हाक मारत नसत, कायम पाटणवाले. मी बसलो नाही. मी म्हटलं, "मला माफ करा, माझी चूक झाली."

"माफी मला काहून मागून राहिले?" ते म्हणाले. "माझं काय झालं? मी नाक्यावर तासभर बसलो, चहा प्यालो, चौतीस बैलगाड्या मोजल्या. माझा वेळ बरा गेला. दोन गावची माणसं बारा वाजेपर्यंत उन्हात बसून राहिली. काठ्या घरी ठेवून आली होती, तेही कोणी कोणी प्रथमच. मी लठ्ठ्याशिवाय गेलो. दगड कुठं ते मला सांगता आलं नाही. पेरणी तोंडावर आलीय. त्यांना सांगा."

"काय सांगू?"

"मला सांगितलं तेच."

आणि पेन्सिलीला टोक करायला लागले.

घरी गेलो तर आई म्हणाली, "काहून रे, तोंड काहून उतरलं?" मी तिला सगळं सांगितलं. टोपीचंही. तिनं ती टोपी माझ्या हातातून घेतली, आतून बाहेरून पाहिली. "तुझ्या बाबांनी ही घालून एक दिवस शाळा चुकवली नाही," म्हणाली.  मग म्हणाली, "परत जायचं असेल तर आधी सांग. भांडी बांधायला दोरी काढून ठेवते." ती रागावून म्हणाली असती तर मला चाललं असतं. पण ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, आणि फळीवर दोरी खरंच काढून ठेवली. नंतर सुई घेऊन बसली आणि टोपीच्या आतल्या पट्टीला एक चुणी घालून ती माझ्या मापाची करून दिली.

सकाळी मी वडिलांची टोपी घातली, लठ्ठा पत्र्याच्या नळीत घातला आणि दुबेजींची सायकल घेऊन निघालो. सायकल त्यांनी न मागता आणून दिली होती. त्यांच्या मनालाही टोचत असावं.

शिवेवर मोहाचं एक मोठं झाड होतं. माझी खबर लागून दोन्ही गावची माणसं जमली. अलीकडचे सावलीच्या अलीकडं बसले, पलीकडचे पलीकडं, मध्ये मी. एक म्हातारा पटेल म्हणाला, "काय बाबू, काल नक्सा काय नईं आओ?"

इथं मला कोणी ओळखत नव्हतं. साहेबाचा हुकूम आला नाही, कपाटाची किल्ली हरवली, काहीही सांगता आलं असतं. पण बडे बाबूंनी मला इथं काहून पाठवलं ते मला सायकलवर कळलं होतं. मी माझ्या मोडक्या हिंदीत टोपीची गोष्ट सांगितली. पहिल्यापासून.

 माझ्या डोक्यावरच्या टोपीकडं सगळे पाहत होते. मग तो म्हातारा सावकाश म्हणाला, "सो टोपी हती, बाबू नईं हते."

"हौ," मी म्हटलं.

पलीकडच्या गावातला एक जण म्हणाला, "हमाए पटवारी को सोई झोला आत है, बे नईं आत." म्हणजे त्यांच्या पटवाऱ्याचाही नुसता झोलाच यायचा, तो यायचा नाही.

अलीकडचे हसले. पलीकडचेही हसले. त्या दोन गावांना एकाच गोष्टीवर हसताना पाहून कोणाला खरं वाटलं नसतं की त्यांची डोकी फुटायची वेळ आली होती. हसणं ओसरल्यावर मी विचारलं, "आता तुम्हीच सांगा. कोणत्या दिवशी येऊ?" त्यांनी एकमेकांकडं पाहिलं. आजवर त्यांना सगळे दिवस सांगूनच जात, कोणता जमेल ते कोणी विचारलं नव्हतं. बराच खल झाला. रविवारी बाजार, शुक्रवारी पलीकडं कोणाची तरी तेरवी. शनिवार ठरला. दोन्ही गावांनी मिळून ठरवला.

जायच्या आधी मी शिवेवरून एक फेरी मारली. बडे बाबूंशिवाय लठ्ठा उघडायचा कच्च्या बाबूला अधिकार नव्हता, म्हणून नुसतं पाहिलं.

दुपारी कचेरीत पोचलो. बडे बाबूंना म्हटलं, "शनिवारी. दोन्ही गावांनी मिळून सांगितलंय."

"मिळून?" त्यांची पेन्सिल थांबली.

"हो."

"अच्छा." मग ते खुर्चीत पुढं सरकले. "येताना काय पाहिलं?"

आणि त्या दिवशी माझ्याजवळ पहिल्यांदा उत्तर होतं. मी सांगितलं की शिवेवर नांगराच्या जुन्या रेघा एका जागी वळतात, दोन्ही बाजूंनी, आणि तिथं तर काहीच नाही, नुसता गाळ आहे. कोणी विनाकारण नांगर वळवत नाही. बडे बाबूंनी मला अर्धा तास सोडलं नाही. वळण झाडापासून किती पावलं, गाळ कोणत्या रंगाचा, ओढा कोणत्या अंगाला. मी चुकलो की थांबवायचे, पुन्हा विचारायचे. मला घाम फुटला होता, पण मजा येऊन राहिली होती, हे कबूल करतो. तोपर्यंत मी नोकरी करत होतो, काम नव्हतो करत.

शनिवारी मी साडेसहालाच नाक्यावर जाऊन उभा राहिलो. ते सातला आले, टांग्यातून, एक मिनिट इकडं नाही की तिकडं नाही. लठ्ठा उघडला, जुन्या घड्यांवर, माती अंगाला लागू न देता. मोजणी झाली. नांगर वळत होता तिथंच गाळाखाली हातभर खोल दगड निघाला. म्हाताऱ्या पटेलानं त्याच्यावर पाणी ओतलं आणि दोन्ही गावं आपापल्या घरी गेली.

त्यानंतर बडे बाबू माझ्याशी त्या प्रकरणाबद्दल एक शब्द बोलले नाहीत. चांगलं नाही, वाईट नाही. महिना सरत आला. माझा कागद त्यांच्या टेबलावर आलेला मी डोळ्यांनी पाहिला, पण ते त्याच्यावर दुसरे कागद ठेवत गेले. मी रोज घरी गेलो की आई फक्त माझ्याकडं पाहायची. दोरी फळीवर होती. शेवटच्या दिवशी संध्याकाळी बडे बाबू कोणाकडं न पाहता निघून गेले. झालं, म्हटलं. मी खुंटीवरून टोपी काढली, डोक्यावर ठेवली, आणि कपाळाला असा काटा टोचला की डोळ्यांत पाणी आलं.

लांब काटा. चिठ्ठीत लिहिलं होतं: "कागद आज वर गेला. पक्के. आईंना आजच सांगावं."

मी लार्डगंजापर्यंत कसा गेलो मला आठवत नाही. त्या संध्याकाळी वाटेत काय पाहिलं असं कोणी विचारलं असतं तर मी "काही नाही" म्हटलं असतं. आईला चिठ्ठी वाचून दाखवली. तिनं माझ्या कपाळावरचा रक्ताचा ठिपका पदरानं पुसला. मग फळीवरची दोरी घेतली आणि अंगणात दोन खिळ्यांना ताणून बांधली, कपडे वाळत घालायला.

बडे बाबूंच्या हाताखाली मी पुढं सहा वर्षं काढली. पुष्कळ टोचून घेतलं. ते निवृत्त झाले तेव्हा आम्ही हारतुरे केले. त्यांना ते मुळीच आवडलं नाही. त्यांच्या गुणांवर कोणी भाषण करत होतं तेव्हा ते छताकडं पाहत होते. दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीनं ते मुलीकडं वर्ध्याला कायमचे जाणार होते. आभार मानायला उठले आणि एवढंच म्हणाले, "चलो, बस." माझ्या मनात इतकं होतं, पण या माणसाला तोंडी सांगून काय उपयोग, हे मला माहीत होतं.

त्यांची टोपी खुंटीवर होती. सगळे चहाकडं गेले तेव्हा मी एका लिफाफ्याच्या पाठीवर लिहिलं आणि लांब काट्यानं आत टोचून ठेवलं. काटा त्यांच्याच डबीतला. ते निघाले, टोपी उतरवली, डोक्यावर ठेवली. त्यांचा हात अर्ध्यापर्यंत वर गेलेला मी पाहिला. मग तो खाली आला, आणि ते तसेच, काट्यासकट, टांग्यात जाऊन बसले.

मी लिहिलं होतं: "उद्या सकाळी सात. पाटण रस्त्याचा नाका. वाट पाहतो."

मला भीती होती की ते येणार नाहीत. सामान बांधायचं, गाडी पकडायची, आणि मी काय, एक बाबू. म्हणून मी सहालाच निघालो. उजाडत होतं. नाका दुरून दिसायला लागला तेव्हा तिथल्या बाकड्यावर एक काळी टोपी दिसली. ते माझ्या आधी येऊन बसले होते, कधीपासून ते देव जाणे.

मी जवळ गेलो. त्यांनी चष्म्याच्या वरून पाहिलं. कपाळावर लाल ठिपका होता.

"येताना काय पाहिलं?"

"दुरून टोपी पाहिली," मी म्हटलं. "जवळ आलो तर खाली माणूसही होता."

बडे बाबू थोडा वेळ रस्त्याकडं पाहत राहिले. मग बाकड्यावर जरासे सरकले, मला बसायला जागा केली, आणि म्हणाले, "आतापर्यंत बैलगाड्या अकरा. पुढच्या तुम्ही मोजा."